टोळ्यांचा गोळीबार रोखण्यासाठी सरकारी अनुदान: अमेरिकेतल्या छोट्या संस्थेने काय करावं आणि कोणत्या क्रमाने

आमच्या संस्थेला पहिलं मोठं अनुदान मंजूर झालं तेव्हा मी घरी पेढे करून नेले होते. पाचव्या महिन्यात आमच्या सहा आउटरीच वर्करना, म्हणजे गल्लीत जाऊन तरुणांशी बोलणाऱ्या कार्यकर्त्यांना, पगार द्यायला खात्यात पैसे नव्हते. अनुदान रद्द झालं नव्हतं, कोणी अफरातफर केली नव्हती. करारात लिहिलं होतं तेच घडत होतं: आधी तुम्ही खर्च करा, पावत्या जोडून बिल पाठवा, मग सरकार पैसे देईल. ते वाक्य आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं. त्याचा हिशेब मात्र कोणीच मांडला नव्हता, आणि खजिनदार म्हणून तो मांडणं माझं काम होतं.

मी व्यवसायाने अकाउंटंट. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत राहते आणि शहराच्या एका भागात तरुणांच्या टोळ्यांमधला गोळीबार थांबवण्यासाठी झटणाऱ्या छोट्या संस्थेचे हिशेब बघते. बे एरिया, न्यू जर्सी, शिकागो इथे आपली बरीच मराठी माणसं अशा संस्थांच्या बोर्डावर असतात. कोणी हिशेबासाठी, कोणी संगणकाच्या कामासाठी, तर कोणी ट्रॉमा वॉर्डात गोळी लागलेली मुलं पाहून पाहून अस्वस्थ झालेले डॉक्टर आणि नर्स. त्यांच्याकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: सरकारकडून पैसे मिळवायचे तर सुरुवात कुठून करायची? म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी समजून घ्या: हा पैसा कोणासाठी आहे

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरगुती हिंसाचार, दुकानांवरचे दरोडे, शाळांमधले हल्ले हे आणखी वेगळे प्रश्न, आणि त्यांच्यासाठी वेगळ्या योजना आहेत. या लेखात ज्या अनुदानांबद्दल बोलते आहे ती वस्तीतल्या हिंसेसाठी आहेत. एका गटातल्या मुलाला गोळी लागते, आठवडाभरात दुसऱ्या गटातला कोणी पडतो, मग त्याचा भाऊ बंदूक उचलतो. ही साखळी तोडण्यासाठी हा पैसा आहे.

ही साखळी फार थोड्या माणसांमधून जाते. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू पापाक्रिस्टोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोची २००६ ते २०१२ या काळातली नोंद तपासली. गोळी लागून वाचलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक शहराच्या ६ टक्क्यांपेक्षा कमी लोकसंख्येच्या, एकमेकांबरोबर अटक झालेल्या माणसांच्या जाळ्यात सापडले. १९९६ मध्ये बॉस्टनमध्ये सुरू झालेलं ‘ऑपरेशन सीझफायर’ असो, कॅलिफोर्नियातल्या रिचमंड शहराने २००७ मध्ये उघडलेलं ‘ऑफिस ऑफ नेबरहुड सेफ्टी’ असो किंवा २०१२ पासूनचं ओकलंडचं काम, त्या सगळ्यांनी याच थोड्या माणसांवर लक्ष केंद्रित केलं.

म्हणून अर्ज हातात घेण्यापूर्वी बोर्डाच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: येत्या काही महिन्यांत गोळी झाडण्याची किंवा गोळी लागण्याची सर्वाधिक शक्यता असलेल्या माणसांपर्यंत आपण आज पोचतो का? ‘मुलांसाठी बास्केटबॉल शिबिर घेतो, अभ्यासवर्ग चालवतो’ असं उत्तर असेल, तर ते काम मोलाचं आहे, पण या अनुदानाचं नाही. त्यासाठी युवक विकासाच्या निराळ्या योजना आहेत. शिबिराला नवीन नाव देऊन इथे अर्ज करणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. परीक्षकांच्या ते पहिल्या दोन पानांत लक्षात येतं. आणि चुकून पैसे मिळालेच, तर ज्याच्या जिवाला धोका आहे तो मुलगा त्या शिबिरात येत नाही. तो अठरा ते तीस वर्षांचा आहे, शाळा कधीच सुटली आहे, रात्री जागा असतो आणि अनोळखी माणसाशी बोलत नाही.

पैसा कुठल्या दारातून येतो

केंद्र सरकारकडून येणारा मुख्य प्रवाह न्याय विभागाच्या ‘ब्यूरो ऑफ जस्टिस असिस्टन्स’मार्फत येतो. सामुदायिक हिंसा-हस्तक्षेपाची ही योजना ‘सीव्हीआयपीआय’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. जून २०२२ मध्ये सही झालेल्या ‘बायपार्टिझन सेफर कम्युनिटीज’ कायद्याने अशा कामासाठी पाच वर्षांत २५ कोटी डॉलरची तरतूद केली. त्याआधी २०२१ च्या कोविड मदत कायद्यातून शहरांना आणि राज्यांना भरपूर पैसा मिळाला होता, आणि अनेक शहरांनी त्यातूनच हिंसा रोखण्याची कार्यालयं उभी केली. तो पैसा ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत करारांत बांधायचा होता आणि ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत खर्च करायचा आहे. तुमच्या शहराचा कार्यक्रम त्यावर उभा असेल, तर त्यापुढे काय, हे शहराला आत्ताच विचारा.

छोट्या संस्थेला राज्याचं दार अधिक जवळचं, असा माझा अनुभव आहे. कॅलिफोर्नियात ‘कॅलव्हिप’ नावाचं हिंसा-प्रतिबंधाचं अनुदान आहे. २००७ पासूनच्या टोळी-प्रतिबंध अनुदानाच्या जागी २०१७ मध्ये हे आलं, २०१९ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला, आणि ‘बोर्ड ऑफ स्टेट अँड कम्युनिटी करेक्शन्स’ ते चालवतं. १ जुलै २०२४ पासून राज्याने बंदुका आणि काडतुसांच्या विक्रीवर ११ टक्के कर लावला. त्यातले दरवर्षी पहिले साडेसात कोटी डॉलर या अनुदानाला द्यायचे, असं कायदा सांगतो. म्हणजे दरवर्षीच्या अंदाजपत्रकातल्या रस्सीखेचीवर हा पैसा पूर्णपणे अवलंबून नाही. कायद्यातली आणखी एक ओळ पाठ करून ठेवा: ज्या शहराला हे अनुदान मिळतं, त्याने किमान निम्मी रक्कम सामुदायिक संस्थांना किंवा हिंसा-प्रतिबंधाचं काम करणाऱ्या पोलिसांव्यतिरिक्तच्या सरकारी खात्यांना द्यायची असते. शहराच्या अधिकाऱ्यांसमोर बसताना ही ओळ माहीत असली की बोलण्याचा सूर बदलतो.

मॅसॅच्युसेट्समध्ये सेनेटर शॅनन यांच्या नावाचं अनुदान खास टोळी-हिंसेसाठी आहे, आणि २०११ पासूनचा ‘सेफ अँड सक्सेसफुल यूथ इनिशिएटिव्ह’ही आहे. इलिनॉयमध्ये २०२१ चा ‘रीइमॅजिन पब्लिक सेफ्टी’ कायदा आहे, न्यू यॉर्कमध्ये ‘स्नग’ कार्यक्रम आहे, तर न्यू जर्सीत हे काम राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे आहे.

रुग्णालयात जखमीच्या खाटेपाशी बसून काम करणाऱ्या संस्थांना आणखी दोन दारं आहेत. एक म्हणजे गुन्ह्यातल्या पीडितांसाठीचा १९८४ च्या कायद्याचा निधी. तो करांतून येत नाही, मुख्यतः केंद्रीय खटल्यांतल्या दंडांतून जमतो. दुसरं दार मेडिकेडचं, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचं. २०२१ मध्ये कनेक्टिकट आणि इलिनॉयने अशा सेवेचा खर्च मेडिकेडमधून देण्याचा कायदा केला, आणि मग इतर राज्यंही त्या वाटेने गेली. या दोन दारांबद्दल आपल्या डॉक्टर मंडळींना फारच कमी माहिती असते, याची मला खंत वाटते.

कागदपत्रं: जाहिरात येण्याच्या सहा महिने आधी

अनुदानाची जाहिरात आल्यावर अर्जाला साधारण सहा ते आठ आठवडे मिळतात. त्या काळात नोंदण्या करायला बसलात तर लिहायला वेळच उरत नाही.

संस्थेचा करक्रमांक आयआरएस या केंद्रीय कर खात्याकडून फुकट मिळतो. ५०१(सी)(३) या करमुक्त धर्मादाय संस्थेच्या दर्जासाठी वार्षिक उत्पन्न ५०,००० डॉलरपर्यंत आणि मालमत्ता अडीच लाखांपर्यंत असेल तर छोटा फॉर्म चालतो, नाहीतर मोठा भरावा लागतो. कॅलिफोर्नियात याशिवाय अॅटर्नी जनरलच्या धर्मादाय नोंदवहीत तुमचं नाव ‘करंट’ दिसलं पाहिजे. तिथे ‘डेलिन्क्वंट’ शिक्का असेल, तर अर्ज कितीही सुंदर असला तरी करार अडकतो. हा शिक्का बहुतेक वेळा एखादं वार्षिक विवरणपत्र भरायचं राहून गेल्यामुळे लागतो. आजच जाऊन तपासा, पाच मिनिटांचं काम आहे.

केंद्राच्या पैशासाठी सॅम डॉट गव्ह या संकेतस्थळावर नोंदणी हवी. तिथे १२ अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक मिळतो. एप्रिल २०२२ पासून जुन्या डन्स क्रमांकाची जागा त्याने घेतली. नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. ‘आम्ही करून देतो, इतके डॉलर भरा’ असे सरकारी वाटणारे ईमेल येतील. त्यांना उत्तर देऊ नका. खरी अडचण नाव आणि पत्ता जुळण्यात येते. राज्याकडच्या नोंदणीत ‘इन्कॉर्पोरेटेड’ असेल, बँकेत नसेल, पत्त्यात ‘स्ट्रीट’ पूर्ण लिहिलं असेल किंवा आखूड, एवढ्यावरून पडताळणी आठवडे अडून राहते. सगळीकडे एकच नाव, एकच पत्ता, अक्षरशः अक्षराला अक्षर जुळलेला. ही नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. आणि खात्याचा मुख्य संपर्क म्हणून ज्याचं नाव आहे ती व्यक्ती संस्था सोडून गेली, तर आत शिरणं फार अवघड होतं. आमचे दोन आठवडे यातच गेले, म्हणून आता आम्ही नेहमी दोन माणसांची नावं ठेवतो.

संस्था अगदी नवी असेल तर दर्जाची वाट पाहत बसू नका. एखाद्या जुन्या, ऑडिट होणाऱ्या संस्थेला फिस्कल स्पॉन्सर म्हणून गाठा. पैसे त्यांच्या खात्यात येतात, काम तुम्ही करता, आणि ते ठरलेली टक्केवारी घेतात. यात कमीपणा मानू नये. आमची पहिली दोन वर्षं अशीच गेली, आणि हिशेब कसे ठेवायचे ते आम्ही तिथेच शिकलो.

लिहायला बसण्यापूर्वी रोख रकमेचा हिशेब

सुरुवातीला सांगितलेला पेच इथे सुटतो, त्यामुळे यावर थोडी रेंगाळते.

समजा सहा वर्कर आणि एक सुपरवायझर आहे. पगार, कर, आरोग्य विमा मिळून महिन्याला ४०,००० डॉलर लागतात. अनुदान १ जुलैला सुरू झालं आणि बिल तिमाहीला पाठवायचं आहे. सप्टेंबरअखेर तुम्ही १,२०,००० खर्च केलेत. ऑक्टोबरच्या मध्याला बिल गेलं. तिकडून एका पावतीबद्दल शंका आली, तुम्ही उत्तर दिलंत, सही झाली, आणि पैसे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले. तोवर ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे आणखी ८०,००० गेले. म्हणजे मंजूर झालेलं अनुदान वापरण्यासाठी तुमच्याकडे आधीच २ लाख डॉलर हवेत. आमच्याकडे तेवढे नव्हते.

हा तक्ता अर्ज करण्यापूर्वी बनवा आणि बोर्डासमोर ठेवा. मग पर्याय दिसू लागतात. करार करतानाच तिमाहीऐवजी दरमहा बिलं मागा. पुष्कळ शहरं मान्य करतात, पण विचारावं लागतं. सुरुवातीला आगाऊ हप्ता मिळेल का, ते जाहिरातीत शोधा. केंद्राचे नियम आगाऊ रकमेला परवानगी देतात आणि काही राज्यंही देतात. स्थानिक फाउंडेशनकडे देणगीऐवजी सहा महिन्यांचं बिनव्याजी कर्ज मागून पाहा. बँकेकडून घ्यायचं तर लक्षात ठेवा की खेळत्या भांडवलावरचं व्याज केंद्रीय अनुदानातून भरता येत नाही. ते तुमच्या स्वतःच्या देणग्यांतून जायला हवं. आणि यातलं काहीच जमत नसेल, तर अनुदान कमी रकमेचं मागा. मोठी रक्कम मिळवून मोडून पडण्यापेक्षा तीन वर्करचं काम तीन वर्षं नीट चालवलेलं बरं.

पगार चुकला तर काय होतं, हेही सांगते. आमच्या एका वर्करने वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत नियमित नोकरी केली नव्हती. गल्लीतल्या मुलांना तो सांगत असे, ‘सरळ कामाने घर चालतं, माझ्याकडे बघा.’ त्या महिन्यात त्याचं भाडं थकलं. मुलांच्या ते लक्षात आलं. त्याचा शब्द पुन्हा उभा राहायला वर्ष लागलं.

गरज मांडणं

अर्जातला हा भाग बहुतेकांचा कच्चा असतो, कारण लोक दुःख लिहितात आणि आकडे विसरतात. निदान पाच वर्षांचे आकडे घ्या. २०२० मध्ये देशभरात खुनांचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी वाढलं आणि अलीकडे ते बरंच उतरलं, त्यामुळे एक-दोन वर्षांचे आकडे दिशाभूल करतात. आकडे उतरले असतील तर ते लपवू नका. काय केल्याने उतरले आणि ते काम थांबलं तर काय होईल, ते लिहा.

एक खड्डा ठाऊक असू द्या. २०२१ मध्ये एफबीआयने गुन्हे नोंदवण्याची पद्धत बदलली, आणि त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या बहुतेक पोलीस खात्यांची माहिती राष्ट्रीय आकड्यांत आलीच नाही. तिथे शून्य दिसलं म्हणून गोळीबार थांबला होता असं नाही. राज्याच्या न्याय विभागाचं ‘ओपनजस्टिस’ पाहा, मृत्यूंसाठी सीडीसी या केंद्राच्या आरोग्यसंस्थेची नोंद पाहा, आणि शहराच्या पोलिसांकडून फक्त खून नव्हे तर गोळी लागून वाचलेल्यांची संख्याही मागा. वाचलेल्यांचा आकडा मोठा असतो, आणि पुढचा सूड बहुधा त्यांच्यातूनच येतो. जवळच्या ट्रॉमा सेंटरने एकूण संख्या दिली, तर तुमचा दावा कोणी खोडू शकत नाही.

पात्रतेचे निकष काटेकोर असतात. कॅलव्हिपच्या कायद्यात शहरासाठी वर्षाला २० किंवा अधिक खून, किंवा १० खून आणि राज्याच्या दीडपट दर, अशा मोजपट्ट्या आहेत. त्यात न बसणाऱ्या गावाला आपली विशेष, निकडीची गरज सिद्ध करायची मुभाही आहे. छोट्या शहरांनी ती तिसरी वाट सोडू नये. ६०,००० वस्तीच्या गावात चार चौकांत वर्षभर गोळ्या चालत असतील, तर त्या चार चौकांचा नकाशा हेच तुमचं उत्तर. मात्र नकाशावरचा ठिपका कुणाच्या घराकडे बोट दाखवणार नाही, एवढं पाहा. दफन झालेल्या मुलाची आई तो अर्ज वाचू शकते, हे मनात धरून प्रत्येक वाक्य लिहा.

काम कसं करणार

परीक्षकाला पाहायचं असतं की तुम्ही सिद्ध झालेल्या पद्धतीवर उभे आहात, आणि ती तुमच्या वस्तीला लागू कशी करणार. पद्धती मुख्यतः चार आहेत. वस्तीतल्याच विश्वासू माणसांनी भांडण पेटण्याआधी मध्यस्थी करणं, ही शिकागोत २००० साली ‘सीझफायर’ नावाने सुरू झालेली वाट. आज ती ‘क्युअर व्हायलन्स’ म्हणून ओळखली जाते. पोलीस, समाज आणि सेवासंस्था यांनी एकत्र येऊन गटांशी थेट बोलणं, ही बॉस्टन आणि ओकलंडची वाट. मोजक्या तरुणांना दीड वर्ष रोजचा मार्गदर्शक आणि मासिक विद्यावेतन देणं, ही रिचमंडची. जखमी रुग्णालयात असतानाच त्याला गाठणं, ही चौथी.

पुरावा देताना प्रामाणिक राहा. ओकलंडच्या कामाच्या अभ्यासात बंदुकीने होणारे खून सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. शिकागोत जोखमीतल्या पुरुषांना नोकरी आणि समुपदेशन देणाऱ्या ‘रेडी’ कार्यक्रमाने सुमारे अडीच हजार पुरुषांवर काटेकोर प्रयोग केला. गोळीबार आणि खुनाच्या आरोपांखालच्या अटका ६५ टक्क्यांनी घटल्या, पण अभ्यासकांनी आधी ठरवलेल्या एकत्रित मोजमापात सांख्यिकीदृष्ट्या ठाम फरक दिसला नाही. दोन्ही गोष्टी लिहा. अर्धवट उद्धृत केलेला अभ्यास परीक्षकाने पूर्ण वाचलेला असू शकतो.

माणसं निवडताना ज्याचा शब्द गल्लीत चालतो असा माणूस लागतो. बहुतेक वेळा तो तुरुंगात जाऊन आलेला असतो. केंद्रीय अनुदानात अल्पवयीन मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाची योग्यता तपासून लेखी नोंद ठेवावी लागते. म्हणून भरतीचं लेखी धोरण आधीच बनवा: कोणते जुने गुन्हे चालतील, कोणते मुळीच नाही, निर्णय कोण घेणार. धोरण नसेल तर ऐन वेळी तुमचा सर्वांत चांगला माणूस बाहेर राहतो.

पोलिसांशी संबंध हा नाजूक विषय आहे, आणि तो कागदावर आणायलाच हवा. आमच्या सामंजस्य करारात दोन ओळी आहेत. गोळीबार झाला की पोलीस आमच्या सुपरवायझरला कळवतील. आमचे वर्कर तपासासाठी माहिती देणार नाहीत आणि त्यांच्याकडून ती मागितली जाणार नाही. या दोन ओळी ठरवायला चार बैठका लागल्या. त्या नसतील तर वर्करचा जीव धोक्यात येतो.

बजेट

पगार जरा उदारपणे धरा. रात्री दोनला फोन उचलणाऱ्या माणसाला किमान वेतनावर ठेवायचं आणि वर अनुदानात ‘संवेदनशील नेतृत्व’ असे शब्द लिहायचे, हे मला पटत नाही. आरोग्य विमा, वर्करसाठी समुपदेशन, गाडीचा खर्च, फोन, एखाद्या कुटुंबाला तातडीने दुसऱ्या गावी हलवायचा खर्च, हे सगळं मांडा. मूल्यमापनासाठी जवळच्या विद्यापीठातला संशोधक आधीच बोलून ठेवा. कॅलव्हिपमध्ये मूल्यमापनाचा आराखडा आणि शेवटी अहवाल द्यावाच लागतो.

कार्यालयाचं भाडं, हिशेबनीस, वीज यांसाठीचा अप्रत्यक्ष खर्च मागायला लाजू नका. स्वतःचा मंजूर दर नसलेल्या संस्थेला १ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय नियमांत १५ टक्क्यांपर्यंत तो धरता येतो. आधी १० टक्के होता. प्रत्येक उपसंस्थेला दिलेल्या रकमेतले फक्त पहिले ५०,००० डॉलर त्या गणितात येतात.

न्याय विभागाच्या पैशातून जेवणखाण जवळपास नामंजूरच असतं. मुलांबरोबर बसून जेवणं हा तर या कामाचा पाया आहे. त्यासाठी वेगळ्या देणग्या जमवा. महाराष्ट्र मंडळांना अशी मदत सहज करता येते आणि त्यांनी ती करावी, असं मी मंडळाच्या प्रत्येक बैठकीत सांगते. रिचमंडमध्येही तरुणांना दिलेलं विद्यावेतन खाजगी देणग्यांतून आलं होतं. दुसरी अट अशी की आधीपासून शहर ज्याला पैसे देत होतं तोच खर्च केंद्राच्या पैशावर ढकलता येत नाही. अनुदानाने कामात भर पडली पाहिजे.

अर्ज पाठवताना

न्याय विभागाच्या अर्जाला दोन मुदती असतात. आधी ग्रँट्स डॉट गव्हवर मूळ फॉर्म, नंतर काही दिवसांनी जस्टग्रँट्सवर पूर्ण अर्ज. पहिली चुकली की दुसरी उघडतच नाही. दोन्ही किमान तीन दिवस आधी पूर्ण करा. गुणांकनाच्या तक्त्यातली शीर्षकं जशीच्या तशी, त्याच क्रमाने वापरा. परीक्षक ओळीने अनेक अर्ज वाचतो; त्याला उत्तर शोधायला लावू नका. शेवटचा मसुदा एका वर्करला वाचून दाखवा. आमच्या अर्जात ‘टोळीचे सदस्य’ असं जागोजागी होतं. तो म्हणाला, ‘ही मुलं एका गल्लीत वाढली आहेत, एवढाच त्यांचा गट.’ आम्ही शब्द बदलला, आणि त्याबरोबर आराखडाही जरा बदलला.

नाकारलं गेलं तर परीक्षकांचे शेरे मागून घ्या. आमचा दुसरा अर्ज पहिल्याच्या शेऱ्यांवर उभा होता.

मंजुरीनंतर

मंजुरीपत्रातल्या अटी वाचा. बजेटची तपासणी पूर्ण होईपर्यंत रक्कम रोखलेली असू शकते. केंद्राच्या अनुदानात आर्थिक अहवाल दर तिमाहीनंतर ३० दिवसांत द्यायचा असतो, आणि हिशेब बघणाऱ्या व्यक्तीने न्याय विभागाचं ऑनलाइन प्रशिक्षण घ्यायचं असतं. वर्षभरात केंद्राचे १० लाख डॉलर किंवा अधिक खर्च केलेत तर सिंगल ऑडिट, म्हणजे केंद्राच्या सगळ्या पैशांचं एकत्रित ऑडिट, लागतं. वर्करची वेळपत्रकं दर आठवड्याला सही करून घ्या. ते लोक रस्त्यावर असतात, कागदाला कंटाळतात, त्यामुळे आमच्याकडे सुपरवायझर शुक्रवारी फोनवरच भरून घेतो.

मुलांची नावं कोणत्याही अहवालात जाऊ देऊ नका. क्रमांक द्या, आणि क्रमांकाची किल्ली वेगळ्या कुलपात ठेवा.

पैसा मध्येच थांबला तर

एप्रिल २०२५ मध्ये न्याय विभागाने एका फटक्यात साडेतीनशेहून अधिक चालू अनुदानं बंद केली. त्यांची मूळ किंमत ८० कोटी डॉलरच्या आसपास होती, आणि वस्तीतल्या हिंसेवर काम करणाऱ्या अनेक संस्था त्यात होत्या. पत्र आलं आणि काम थांबलं. अपील करायला ३० दिवस होते. काहींची अनुदानं परत मिळाली, बहुतेकांची नाही. तेव्हापासून मी प्रत्येक संस्थेला सांगते: एकाच स्रोतावर अर्ध्याहून अधिक पगार ठेवू नका. बिलं साठवू नका, जितक्या लवकर पाठवता येतील तितक्या लवकर पाठवा, कारण खर्च करून न मागितलेला पैसा अशा वेळी सर्वांत आधी अडकतो. आणि पुढच्या जाहिरातीत कोण अर्ज करू शकतं, हे कलम दर वेळी नव्याने वाचा. एके वर्षी संस्थांना थेट मिळणारा पैसा पुढच्या वर्षी फक्त शहरांमार्फत मिळेल, असं होऊ शकतं.

आम्ही आता देणग्यांमधून एक महिन्याचा पगार वेगळ्या खात्यात ठेवतो आणि त्याला हात लावत नाही. त्या खात्याचा उपयोग एवढाच: सगळे पैसे उद्या थांबले, तरी प्रत्येक वर्करकडे तीस दिवस असतील. त्या तीस दिवसांत तो आपल्या यादीतल्या प्रत्येक मुलाला स्वतः जाऊन भेटेल, मी यापुढे रोज येणार नाही असं तोंडाने सांगेल, आणि त्याचा हात दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देईल: रुग्णालयातल्या सोशल वर्करच्या, चर्चमधल्या पाद्र्याच्या, नाहीतर कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याच्या.